शीत-हुमण, मीठ आणि ऊन: अन्नाचा हार्मोनांशी संबंध नेमका कुठे येतो

मधुमेह, थायरॉइड, पीसीओएस (अंडाशयाचा, पाळी लांबवणारा विकार), ठिसूळ हाडे. ही सगळी दुखणी हार्मोनांशी, म्हणजे संप्रेरकांशी जोडलेली आहेत. एखादी ग्रंथी रक्तात अगदी थोडे रसायन सोडते आणि दूरचा अवयव त्याप्रमाणे आपले काम बदलतो. ते रसायन म्हणजे हार्मोन. गोव्यातल्या घरात यांपैकी एखाद्या दुखण्याचे निदान झाले की पहिला प्रश्न येतो तो खाण्याचा. आणि उत्तर येते ते बहुधा डब्यातून. कुणी बियांचे मिश्रण सुचवते, कुणी 'हार्मोन संतुलित करणारी' पावडर, कुणी साध्या मिठाऐवजी सैंधव वापरायला सांगते.

अन्न हार्मोनांवर दोन वाटांनी काम करते आणि या दोन वाटांचे नियम वेगळे आहेत. पहिली वाट कच्च्या मालाची. थायरॉइडला आयोडीन लागते, हाडांचा हिशेब ठेवणाऱ्या ग्रंथींना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागते, इन्सुलिनसारखी संप्रेरके घडवायला प्रथिने लागतात. इथे पुरेसे मिळाले की काम झाले. त्याहून जास्त घेतल्याने ग्रंथी जास्त चांगली चालत नाही, उलट काही वेळा बिघडते. दुसरी वाट भाराची. प्रत्येक जेवणानंतर रक्तात किती साखर येते, किती वेगाने येते आणि दिवसातून किती वेळा येते, यावर इन्सुलिनला किती राबावे लागते ते ठरते. इथे रोजचे प्रमाण, क्रम आणि वेळ यांना महत्त्व आहे.

आपली काळजी आणि पैसा बहुतेक पहिल्या वाटेवर खर्च होतो. गोव्यातले मोठे नुकसान मात्र दुसऱ्या वाटेवर होत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे देशभराचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: प्रौढांमध्ये २६.४ टक्के. देशाची सरासरी होती ११.४ टक्के. म्हणून सुरुवात भातापासूनच करायला हवी.

ताटातले शीत आणि इन्सुलिन

भातातल्या पिष्टाचे आतड्यात ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. रक्तातले ग्लुकोज वाढू लागताच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिनमुळे स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत ओढून घेतात, यकृत त्याचा साठा करते आणि साठलेली चरबी मोकळी होणे थांबते. दोन-तीन तासांत साखर मूळ पातळीवर येते. पुढे जेवणाला उशीर झाला तर ग्लुकागॉन नावाचे दुसरे संप्रेरक यकृतातला साठा थोडा थोडा रक्तात सोडायला लावते. निरोगी माणसात हे चक्र आयुष्यभर बिनबोभाट चालते.

पोटाभोवती, यकृतात आणि स्नायूंत चरबी साठत गेली की पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. यालाच इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. स्वादुपिंड मग तेवढ्याच साखरेसाठी जास्त इन्सुलिन सोडते. अशी कित्येक वर्षे जातात आणि या सगळ्या काळात उपाशीपोटीची साखर अगदी व्यवस्थित दिसू शकते. बीटा पेशींना हा भार पेलेनासा झाला की मगच अहवालातला आकडा चढतो. त्यामुळे 'शुगर नॉर्मल आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नये. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर गेला असेल, किंवा मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा दिसत असेल, तर इन्सुलिन प्रतिरोधाची शक्यता मोठी. हा पट्टा मळ समजून घासत बसणारे पुष्कळ आहेत. तो घासून जात नाही. वजन उतरले की फिका होतो.

आता आकडे बघू. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. घरी स्वयंपाकाचा काटा असेल तर एकदा आपले नेहमीचे ताट वाढून फक्त भात तोलून पाहावा. रास करून वाढलेला भात ३०० ते ४०० ग्रॅम सहज भरतो, म्हणजे एका बसणीला ८५ ते ११० ग्रॅम कर्बोदके. त्याच्या जोडीला माशाची एक फोड, वर हुमण (माशाचे कालवण) आणि चवीपुरती भाजी. अडचण हुमणाची नाही की शिताची नाही, अडचण त्यांच्या प्रमाणाची आहे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. १०० ग्रॅम माशात ती जवळपास २० ग्रॅम मिळतात. मध्यम आकाराच्या बांगड्याचे डोके आणि काटे वगळले तर खाण्याजोगे मांस ८०-९० ग्रॅम निघते. म्हणजे एक अख्खा बांगडा खाल्ला तर सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने झाली. एका फोडीत ती त्याच्या निम्मीही नसतात.

दुपारच्या ताटात भात १५० ग्रॅमवर आणावा, मासा अख्खा घ्यावा आणि भाजी किंवा कडधान्य मिळून दोन वाट्या भरतील इतके घ्यावे. शिवराक (शाकाहारी) दिवशी माशाच्या जागी आळसांद्यांचे (चवळीच्या जातीचे कडधान्य) तोंडाक, मुगाच्या गाठी, चण्याचा रोस किंवा कुळीथ यांपैकी काहीतरी घट्ट हवे. कोरड्या आळसांद्यांत शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या पुढे प्रथिने असतात, पण पळीभर पातळ रश्शात त्यातले दहा-बारा दाणेच ताटात येतात. म्हणून वाढताना डाव खालपर्यंत घालून दाणे काढावेत. पातळ सोलकढी रुचीला उत्तम आहे, पण प्रथिनांच्या हिशेबात तिला धरता येत नाही.

प्रमाणाइतकाच क्रमही महत्त्वाचा आहे. आधी भाजी आणि मासा, शेवटी भात, असे खाल्ले तर तेच जेवण रक्तातली साखर कमी चढवते, हे मधुमेही रुग्णांवरच्या अभ्यासांत स्पष्ट दिसले आहे. कारण असे: तंतुमय भाजी आणि प्रथिने पोटात आधी पोचली की जठर सावकाश रिकामे होते. शिवाय आतड्यातल्या पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला साखर यायच्या आत सावध करते आणि मेंदूला पोट भरल्याचे कळवते. आपल्या शरीरातले जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटे टिकते. आठवड्यातून एकदा घ्यायची जी इंजेक्शने सध्या वजन आणि मधुमेहासाठी दिली जातात, त्यातली औषधे याच संप्रेरकासारखे, पण कित्येक दिवस टिकणारे काम करतात.

आपल्याकडे हुमण-शीत कालवून खाण्याची रीत, तेव्हा भात शेवटी कसा ठेवायचा? सोपे आहे. तांबडी भाजी, काकडीची कोशिंबीर आणि तळलेला किंवा भाजलेला मासा आधी संपवावा. दहाएक मिनिटांनी हुमण भातावर घ्यावे. कालवून खाण्याची गोडी यात कुठेही जात नाही.

उकड्या तांदळाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात, त्यामुळे थोडे विस्ताराने सांगतो. उकडा करताना साळी भिजवून, वाफवून, वाळवून मग सडतात. वाफवताना कोंड्यातली ब गटातली जीवनसत्त्वे, विशेषतः थायमिन, दाण्याच्या आत सरकतात, त्यामुळे सडल्यावरही ती बरीचशी टिकतात. पिष्टाची घडणही थोडी बदलते आणि ते सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा काहीसे सावकाश पचते. म्हणून त्याच वजनाचा उकडा सुरयपेक्षा बरा. मात्र उकड्याची दुप्पट रास सुरयच्या एका वाटीपेक्षा वाईटच ठरते. पेजेलाही हेच लागू. तांदूळ फार मऊ शिजला की पिष्ट लवकर पचते. नुसती पेज आणि खारातला तोर (मिठात मुरवलेली कैरी) असा सकाळी दहाचा बेत केला तर साखर चटकन चढते, बाराच्या आत पुन्हा भूक लागते आणि मिठाचा भार पडतो तो वेगळा. त्याच पेजेबरोबर वाटीभर आळसांदे किंवा एखादे अंडे घेतले तर चित्र बदलते.

शिळा भात साखर वाढवत नाही, अशी एक समजूत आहे. भात थंड झाल्यावर त्यातले थोडे पिष्ट न पचणाऱ्या रूपात जाते, हे खरे. पण फरक लहान असतो आणि त्यासाठी भात रात्रभर ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे. गोव्याच्या दमट उष्म्यात उघड्यावरच्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याने सोडलेले विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. उरलेला भात तास-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, तिच्याविषयी एक खूण लक्षात ठेवावी. पोई फाडून आत पाहा. आतला भाग पावासारखा पांढरा दिसत असेल, तर कोंडा फक्त वरून भुरभुरलेला आहे आणि पीठ मैद्याचेच आहे. खऱ्या कणकेच्या पोईचा गाभा तपकिरी छटेचा असतो आणि तिला चावताना जोर लागतो. कुठल्याही पावाच्या वजनाच्या जवळपास निम्मी कर्बोदके असतात, त्यामुळे ८० ग्रॅमची पोई म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. सकाळी भाजी-पाव खायचा तर एका पावाला दोन भाज्या मागवाव्यात, त्यातली एक कडधान्याची, आणि गोडा बन वगळावा.

जेवणानंतर दुपारची झोप ही गोव्याची जुनी सवय. ती मोडायची गरज नाही. तिच्याआधी दहा-पंधरा मिनिटे चालावे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातले ग्लुकोज ओढून घेतो. प्रतिरोध असलेल्या माणसालाही हा मार्ग खुला असतो. जेवण संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत चालले तर उपयोग जास्त, कारण साखर त्याच वेळी चढत असते. घरात, अंगणात, जिन्यावर चालले तरी चालते.

पेयांबद्दल थोडक्यात. कोलासारख्या थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरमध्ये ३२ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि तिला अडवायला ना तंतू ना प्रथिने. उर्राकात किंवा फेणीत (काजूच्या दारूत) हेच पेय मिसळले की आणखी एक धोका येतो, आणि तो घरोघरी माहीत असायला हवा. यकृत मद्य निकामी करण्यात गुंतलेले असताना नवे ग्लुकोज बनवण्याचे त्याचे काम मंदावते. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, ते न जेवता प्यायले तर मध्यरात्री किंवा पहाटे साखर घसरू शकते. घाम, थरथर, अडखळते बोलणे, गोंधळलेली नजर या लक्षणांना घरचे 'जास्त झाली' असे समजतात आणि माणसाला झोपू देतात. अशा वेळी साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि सुधारल्यावर काहीतरी खायला घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, तडक इस्पितळात न्यावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांच्या घरी ग्लुकोजची पूड ठेवावीच, कारण ही औषधे साध्या साखरेचे पचन अडवतात आणि साखरपाण्याचा परिणाम उशिरा होतो.

हे सगळे आपल्या अंगाला कितपत लागू आहे, ते ग्लुकोमीटरवर पाहता येते. एके दिवशी नेहमीचे जेवण नेहमीसारखे जेवावे आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी साखर मोजावी. दुसऱ्या दिवशी तेच पदार्थ, तेवढेच वजन, पण भात शेवटी आणि नंतर पंधरा मिनिटांची चाल. दोन आकड्यांतला फरक आपल्याशी बोलतो. मोजण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करावेत. आंबा चिरून तसेच बोट टोचले तर बोटावरच्या साखरेनेच आकडा फुगतो. टोचावे बोटाच्या कडेला, मधोमध नाही. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे, कारण दमट हवेत पट्ट्या बिघडतात आणि चुकीचे आकडे दाखवतात.

थायरॉइड, आगरातले मीठ आणि गोळीची वेळ

थायरॉइड ग्रंथी जे मुख्य संप्रेरक बनवते त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याचे नाव टी-४. शरीरातल्या इतर अवयवांत त्यातला एक अणू निघतो आणि टी-३ तयार होते. प्रत्यक्ष काम मुख्यतः हेच करते. अणू काढणाऱ्या या विकरांना सेलेनियम लागते आणि ते माशांत भरपूर आहे. प्रौढांना रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गर्भवतीला २५० लागते, कारण बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच टी-४ वर होते.

समुद्राकाठी राहतो, समुद्राचे मीठ खातो, मग आयोडीन कमी कसे पडेल, असे पुष्कळांना वाटते. यातला अर्धा भाग चुकीचा आहे. समुद्रातले मासे, सुंगटे (कोळंबी), तिसऱ्या (शिंपले) यांत आयोडीन असते, पण समुद्राच्या मिठात ते जवळजवळ नसते. आगरवाडा किंवा रिबंदरच्या मिठागरांत पाणी उन्हात आटते, तेव्हा सोडियम क्लोराइडचे खडे खाली बसतात. आयोडीन त्यांच्याबरोबर फारसे येत नाही आणि जे येते तेही टिकत नाही. सैंधवाचेही तेच. आयोडीनयुक्त मिठात ते कारखान्यात मुद्दाम मिसळलेले असते आणि ग्राहकाच्या हाती पोचताना किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम असावे असा नियम आहे. म्हणजे दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून किमान ७५ मायक्रोग्रॅम मिळतात, बाकीचे मासे, दूध आणि अंडी यांतून भरून निघते. आगरातले जाडे मीठ गोव्याच्या किनाऱ्याची ठेव आहे आणि ते बनवणारी कुटुंबे कमी होत चालली आहेत, याचे वाईट वाटते. लोणच्याला, मासे खारवायला, सोलांना ते जरूर वापरावे. रोजच्या हुमण-भाजीत मात्र आयोडीनयुक्त मीठच हवे, विशेषतः घरात कुणी गर्भवती असेल किंवा मासे न खाणारे असेल तर. ते घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवावे आणि पदार्थ शिजत आल्यावर घालावे.

जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्याला लागून श्रावण. या काळात ताजी मासळी कमी होते म्हणून आयोडीनची चिंता करू नये. निरोगी थायरॉइडमध्ये दोन-तीन महिने पुरेल इतका तयार साठा असतो. त्या दिवसांत काळजी करायची ती सुक्या माशांतल्या मिठाची. सुक्या बांगड्याची किसमूर (सुक्या माशाची कोशिंबीर) करण्याआधी मासा पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले तर बरेच मीठ निघून जाते. रक्तदाब असणाऱ्यांनी हे करायलाच हवे.

एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. आयोडीन पुरेसे मिळत असलेल्या लोकांत थायरॉइड मंदावण्याचे सर्वांत मोठे कारण स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा ग्रंथीवर हल्ला हे आहे. याला हाशिमोटोचा आजार म्हणतात. तो मीठ बदलल्याने जात नाही, आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतून जास्तीचे आयोडीन घेतले तर तो बळावू शकतो. कोबी-फ्लॉवर सोडण्याचीही गरज नाही. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने अपाय होत नाही. अश्वगंधेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांनी काहींत थायरॉइडची पातळी वाढते.

अन्नाचा खरा संबंध इथे येतो तो गोळीच्या शोषणाशी. लेव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचे आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीही खायचे-प्यायचे नाही. सकाळी उठल्या उठल्या चहाबरोबर गोळी घेणारे फार आहेत. चहा, कॉफी आणि दूध यांनी तिचे शोषण घटते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत तर चार तासांचे अंतर हवे. गर्भवती बायकांना या तिन्ही गोळ्या एकदम चालू असतात आणि सोयीसाठी त्या एकाच वेळी घेतल्या जातात. मग टीएसएच (थायरॉइड कमी पडले की वाढणारे, तपासणीत मोजले जाणारे संप्रेरक) खाली येत नाही आणि डोस उगाच वाढत राहतो. पहाटे जमत नसेल तर रात्री, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. वेळ रोज तीच ठेवावी. टी-४ चे अर्धे प्रमाण रक्तातून जायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच तपासण्यात अर्थ आहे.

ड जीवनसत्त्व: नावाने जीवनसत्त्व, कामाने संप्रेरक

उन्हातली अतिनील किरणे त्वचेतल्या कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थापासून ड-३ बनवतात. यकृत आणि मग मूत्रपिंड त्यावर एकेक प्रक्रिया करतात आणि जे तयार होते ते पूर्ण अर्थाने संप्रेरक असते: आतड्याला अन्नातले कॅल्शियम शोषायला लावणारे. ते कमी पडले की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक वाढवतात आणि हाडांतले कॅल्शियम काढून रक्तातली पातळी राखतात. म्हणून रक्तातले कॅल्शियम ठीक असूनही हाडे झिजत असू शकतात.

गोव्यात ऊन आहे, पण अंगावर पडत नाही. काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, कारण काच ती किरणे अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ती फारशी नसतात. खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ड जीवनसत्त्व नीट बनते. त्या वेळी हात, पाय आणि पाठ उघडी ठेवून पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून तीन-चार दिवस पुरते; सावळ्या त्वचेला थोडे जास्त लागते. अन्नातून ते मिळते तारले, बांगडे यांसारख्या तेलकट माशांतून आणि अंड्याच्या बलकातून. कॅल्शियम प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते ३५० च्या आसपास असते, १०० मिलिलिटर दुधात १२० च्या आसपास. काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी, म्हणजे पेडवे आणि मोतयाळे, हा आपल्याकडचा स्वस्त आणि उत्तम मार्ग. नाचणीची आंबील आणि काट्यासकट मोतयाळ्यांचे सुके, असे आठवड्यातून दोनदा तरी व्हावे.

कमतरता असेल तर डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल बहुधा आठवड्याला एक, आठ आठवडे देतात. ती तुपा-तेलाच्या जेवणाबरोबर घ्यावी. इथे दोन चुका होतात: कुणी ती रोज घेते, कुणी आठ आठवडे संपल्यावरही महिनोन्‌महिने चालू ठेवते. ड जीवनसत्त्व चरबीत साठते. जास्त झाले की रक्तातले कॅल्शियम चढते; सतत तहान, बद्धकोष्ठ, मळमळ आणि मुतखडे ही त्याची लक्षणे.

पाळी आणि पीसीओएस

पीसीओएसमध्ये इन्सुलिनचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. रक्तात सतत जास्त असलेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. त्याच वेळी यकृत ती संप्रेरके बांधून ठेवणारे प्रथिन कमी बनवते. मोकळी राहिलेली संप्रेरके मग मुरुमे, हनुवटीवरचे केस आणि लांबलेली पाळी या रूपांत दिसतात. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्क्यांनी उतरवल्यावर पुष्कळ जणींत पाळी सुधारते. ७० किलोच्या मुलीसाठी हे साडेतीन ते सात किलो. त्यासाठी भाताबद्दल वर सांगितलेलेच उपाय लागू आहेत, वेगळी पावडर लागत नाही. बियांचे वेळापत्रक पाळून पाळी सुधारते याला भक्कम पुरावा नाही.

याच्या उलट टोकाची चूकही होते. लग्नाआधी किंवा स्पर्धेसाठी मुली दिवसभर उपास, रात्री सॅलड असे महिनोन्‌महिने करतात. शरीराला ऊर्जा अपुरी पडते आहे असे मेंदूला जाणवले की तो अंडाशयाला द्यायचे संकेत कमी करतो आणि पाळी थांबते. तिच्याबरोबर इस्ट्रोजेनही घटते आणि हाडे झिजू लागतात. अशा मुलीला गोळी देऊन पाळी आणणे म्हणजे इलाज नव्हे. तिला जास्त खायला लावणे हा इलाज. एकादशीचा किंवा सोमवारचा एक दिवसाचा उपास यात मोडत नाही. साबुदाण्यात मात्र जवळजवळ सगळे पिष्टच असते, त्यामुळे मधुमेहींनी उपासाला दही, शेंगदाणे, दूध आणि फळ धरावे.

भूक वाढवणारे घ्रेलिन आणि शरीरात चरबी किती आहे ते मेंदूला कळवणारे लेप्टिन या संप्रेरकांवर खूप लिहिले जाते. लेप्टिन १९९४ साली सापडले, घ्रेलिन १९९९ साली. रोजच्या जगण्यात यातून एकच गोष्ट उचलावी: झोप पाच तासांवर आली की भूक वाढते आणि ती गोड-तळलेल्याचीच लागते. जत्रा-काल्यांच्या दिवसांत रात्री जागून झाल्यावर दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ तरी चुकवू नये.

तपासण्यांमधले अडथळे

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था, १२६ आणि वर म्हणजे मधुमेह, आणि लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करावी. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ५.७ ते ६.४ टक्के ही पूर्वावस्था, ६.५ पासून मधुमेह. गरोदरपणी मोजमाप वेगळे: ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० किंवा जास्त आले तर उपचार सुरू करतात.

एचबीए१सी लोहाच्या कमतरतेत खोटे जास्त दिसू शकते आणि आपल्याकडे बायकांत ही कमतरता फार आहे. हिमोग्लोबिन कमी असताना एचबीए१सी ६ टक्के आले म्हणून घाबरून जाऊ नये; उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर त्याच्या जोडीला पाहावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस बंद ठेवाव्यात, नाहीतर काही यंत्रांवर अहवाल पूर्ण उलटा येतो. आणि जेवण बदलल्यावर एचबीए१सी तीन महिन्यांनी करावे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. महिनाभराने केलेल्या तपासणीत जुन्या जेवणाचा हिशेबही मिसळलेला असतो.